बोटीतून उतरलेले संत

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज मी तुम्हाला लिहितो आहे तो रागावून, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे माझी भाषा चढली तर तुम्हाला नवल वाटायला नको. हा राग आधी स्पेनच्या जुन्या खलाशांवर होता. मग तो माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाईंवर गेला. तिथेही तो टिकेना, तेव्हा आता तुमच्या दारात येऊन उभा राहिला आहे.

मी हॉलंडमध्ये असतो. रॉटरडॅमच्या बंदरातून जगभर माल जातो, त्यातला कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर चढायचा आणि कुठे उतरायचा हे ठरवणारी संगणकाची यंत्रणा आम्ही काही जण सांभाळतो. दिवसभर डोळ्यांसमोरून बंदरांची नावं सरकत असतात. सान हुआन, सान्तो दोमिंगो, सान अंतोनियो, सॅन दिएगो, सॅन फ्रान्सिस्को. पहिल्यांदा ती पडद्यावर पाहिली तेव्हा मला तुमची निरगुडीची काठी आठवली. शाळेच्या मातीच्या भिंतीला खिळ्यावर जगाचा नकाशा टांगलेला, त्याच्या घड्यांवर कापड चिकटवलेलं, आणि तुम्ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून काठी हळूहळू खाली आणता आहात. "सॅन म्हणजे संत. सांता म्हणजे संतीण. हा सगळा संतांचा किनारा आहे, पोरांनो." मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "गुरुजी, मग तिथं मटण मिळतं का?" आणि तुम्ही हसू दाबत म्हणता, "तुला तेवढंच विचार."

तुम्ही पुढे काही सांगितलं नाहीत. मी मात्र ते मनात धरून ठेवलं. आमच्या घरी सकाळी देवपूजा झाल्याशिवाय चूल पेटत नसे. अशा घरातल्या मुलाला वाटणारच की ज्या देशात पाकिटावरच्या पत्त्यातसुद्धा संताचं नाव येतं, तो देश किती भाविक असेल. पन्नाशीला टेकेपर्यंत माझी हीच समजूत होती. शिकलेला माणूस एखाद्या बाबतीत आयुष्यभर पाचवीतच राहतो, तसं ते होतं.

समजूत मोडली ती ऑफिसातल्या एका स्पॅनिश सहकाऱ्यामुळे. माझ्याच वयाचा, गप्पिष्ट, इथल्या थंड चीज-पावाला रोज शिव्या देत तोच खाणारा. एकदा जेवताना मी त्याला विचारलं, तुमच्या लोकांनी इतके संत तिकडे कसे नेले? तो म्हणाला, "अगदी सोपं. किनारा दिसला की कॅलेंडर उघडायचं. आज कुणाचा दिवस? अंतोनियोचा? झालं, सान अंतोनियो."

"आणि एकाच दिवशी दोन संत आले तर?"

"मग कप्तानाची बायको ज्याला नवस बोलते तो." तो मोठ्याने हसला. "माझंही नाव आजीने तसंच ठेवलं. जन्म झाला, तिने कॅलेंडर बघितलं. नशीब माझं, आदल्या दिवशीच्या संताचं नाव भयंकर होतं."

मीही हसलो. आपल्याकडे पंचांगातून अक्षर काढतात, तसंच हे. सगळ्याच गावांचं असं नव्हतं म्हणा, कुठे राजाच्या आवडीचा संत, कुठे पाद्र्यांच्या पंथाचा, कुठे जहाजाचंच नाव. पण कॅलेंडरची रीत मोठी. संध्याकाळी मेट्रोत बसलो. बसलो की मी डोळे मिटून नाम घेतो, वर्षानुवर्षांची सवय आहे. त्या दिवशी नामात मन लागेना. पंचांग पाहून बारसं करतात ते नवजात बाळाचं. हे खलाशी जिथे उतरले तिथे चुली होत्या, शेतं होती, म्हातारी माणसं होती. कुणीतरी परक्याच्या घरात शिरावं, घरातल्या आजोबांना उचलून पाळण्यात घालावं, कानात कुर्र करावं आणि वर आजोबांनाच सांगावं की आजपासून तुमचं नाव हे! मला एवढा संताप आला की माझं स्टेशन मागे राहिलं.

घरी येऊन मी हे सांगितलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात मुलीची स्प्रेकब्यूर्ट ठरायची होती. इथे प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून आपल्या आवडीच्या विषयावर बोलावं लागतं, त्याला तसं म्हणतात. कुणी आपल्या सशावर बोलतं, कुणी फुटबॉलवर. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत येतात. ती म्हणाली, मी यावर बोलते, शहरांना संतांची नावं कशी पडली यावर. मला किती आनंद झाला सांगू? मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली, इंटरनेटवरून कागद छापले, आणि शनिवारी-रविवारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसू लागलो.

जसजसा वाचत गेलो तसतसा माझा राग वाढत गेला, पण त्याची दिशा बदलली. आधी मला त्या जमिनीवरच्या लोकांसाठी राग येत होता, मग संतांसाठीही येऊ लागला. सॅन दिएगोचंच बघा. हा खरोखरच स्पेनचा संत. विद्वान नव्हता, मोठा अधिकारी नव्हता. मठात पडेल ते काम करायचा, आजाऱ्यांची सेवा करायचा आणि मठातला पाव उचलून दारातल्या भुकेल्यांना द्यायचा. त्याच्या नावाच्या बंदरात आज लढाऊ जहाजं उभी असतात. तिथे त्याच्याही आधी एक खलाशी येऊन दुसऱ्याच संताचं नाव ठेवून गेला होता. दोन पिढ्यांनी दुसरा आला, त्याने ते पुसून हे ठेवलं, कारण त्याच्या जहाजाचं नाव हेच होतं आणि त्या संताचा दिवसही जवळच होता. म्हणजे संतालासुद्धा संताने उठवलं! आणि तो फ्रान्सिस, मूळ इटलीचा. त्याने बापाची संपत्ती नाकारताना अंगावरचे कपडेही उतरवून परत दिले असं सांगतात. आयुष्यभर ज्याने आपलं म्हणून काही ठेवलं नाही, त्याच्या नावावर अख्खं शहर! आपण नाम घेतो ते आपलं मीपण गळावं म्हणून. या लोकांनी तेच नाम खुंटीसारखं जमिनीत ठोकलं आणि तिला दोरी बांधून म्हणाले, इथून तिथपर्यंत आमचं.

हे सगळं मी मुलीला सांगत होतो, आणि सांगता सांगता तिच्यासाठी लिहीतही होतो. लॉस एंजेलिस जिथे उभं आहे तिथे यांगा नावाचं गाव होतं, सान अंतोनियोच्या जागेला लोक यानाग्वाना म्हणायचे, ही नावं आधी सांग. मग संत सांग. आणि शेवटी विचार की त्या लोकांना कुणी विचारलं का, आणि संतांना तरी कुणी विचारलं का. ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "अहो, तुमचं स्पेनच्या राजाशी भांडण आहे ना? मग स्पेनला जा. विमान स्वस्त आहे. पोरीला कशाला वकील करताय?"

"मी फक्त मदत करतोय."

"ती एकदा बोलली आणि तुम्ही अर्धा तास. याला मदत म्हणतात होय?"

मुलगी पेन्सिल चावत दोघांकडे बघत होती. मी ते मान्यतेचं लक्षण समजलो.

मग नोव्हेंबर आला. गुरुजी, इथली एक गंमत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर इथे एक म्हातारा संत येतो. लांब पांढरी दाढी, लाल झगा, उंच टोपी. तो स्पेनहून बोटीने येतो असं मुलांना सांगतात. धक्क्यावर बँड वाजतो, नगरपालिकेचा मुख्य स्वागताला जातो, सगळा गाव लोटतो. त्याच्याबरोबर तोंडं काळी रंगवलेले मदतनीस असतात, ते पेपरनोटन नावाच्या मसाल्याच्या बारीक बिस्किटांच्या मुठी उधळतात. डिसेंबरच्या सुरुवातीला तो मुलांना भेटी देतो आणि परत जातो. मुलगी लहान असताना मीही तिला खांद्यावर घेऊन धक्क्यावर उभा राहिलो आहे. त्या रंगवलेल्या तोंडांकडे बघताना मला कसंतरी व्हायचं, पण खांद्यावरचं पोर टाळ्या पिटत होतं.

मुलीची बोलायची वेळ नेमकी त्याच दिवसांत आली. आणि ती एक दिवस घरी येऊन सांगते की बाईंना विषय फार आवडला. बाई म्हणाल्या, संत बोटीने येतात, स्पेनहूनच येतात, तर शेवटी वर्गात पेपरनोटन वाटू या, मजा येईल. मी विचारलं, "आणि आधीच्या नावांचं?" ती म्हणाली, "ते आता नाहीये." आणि दप्तर टाकून वर निघून गेली.

माझ्या डोक्यात जाळ झाला. म्हणजे स्पेनहून बोटीने आलेल्या त्या माणसांचा हा खाऊ वाटणारा म्हातारा करून टाकायचा! इथे बोटीतून उतरणारा संत मुलांना बिस्किटं देतो. तिथे उतरलेल्यांनी काय दिलं? देवी आणि गोवर दिले, वेठ दिली, आणि वर संतांची नावं दिली. आणि हे सांगणारी वाक्यं बाईंनी माझ्या मुलीच्या तोंडातून काढून घेतली, मजा यावी म्हणून! शाळेत पालकांना बाईंशी बोलायला दहा मिनिटं देतात, ती वेळ त्याच आठवड्यात होती. मी ठरवलं की या दहा मिनिटांत मी माझं सगळं म्हणणं मांडणार.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. खरं तर तुमचा एकच दिवस आठवला. तुम्हाला आठवतो का? तुम्ही आम्हाला गावच्या परिसराचा नकाशा काढायला लावला होता. ओढा, शाळा, चावडी, डोंगर. डोंगराच्या सपाटीवर आदिवासी ठाकरांची वस्ती होती, तिथे उंबराच्या झाडाखाली झरा होता. उंबर म्हणजे दत्ताचं ठाणं, असं म्हणून गावातल्या मोठ्या माणसांनी तिथे देऊळ बांधायला घेतलं होतं आणि वस्तीच्या तोंडाशी पाटी लावली होती, दत्तनगर. समितीत माझे वडील होते. मी नकाशात सुबक अक्षरात दत्तनगर लिहिलं. तुम्ही माझ्या दगडी पाटीजवळ आलात, अंगठ्याने ते नाव पुसलंत आणि म्हणालात, "चल माझ्याबरोबर."

भर उन्हात आपण डोंगर चढलो. वर एक म्हातारी झोपडीपुढे धान्य पाखडत बसली होती. तुम्ही तिला राम राम केलात आणि विचारलंत, "आजी, या जागेला काय म्हणतात?"

तिने सूप थांबवलं नाही. "म्हणत्यात न्हाई, म्हणत व्हते. सोनीचं पानी. सोनी माज्या आजीची सासू. समदीकडं आटलं व्हतं तवा तिनं हितं उकरलं आन् तिला पानी घावलं."

"आणि आता?"

"आता देव आलाय. देव आला मंग सोनी कुटं ऱ्हाईल?" ती हसली, तिला दात नव्हते. "देवाला बी आंगूळ लागती. पानी आमच्याच झऱ्याचं नेत्यात."

तिने आपल्याला गुळाचा कोरा चहा दिला. उतरताना तुम्ही माझ्या पुढे भरभर चालत होतात. शाळेच्या पायरीशी मात्र माझा कान धरलात. तुम्ही कधी कुणावर हात टाकत नव्हतात, म्हणून ते जास्त लागलं. म्हणालात, "ही पाटी लावायच्या आधी सोनीच्या माणसांना विचारलं होतं? बरं, त्यांना नाही तर नाही, दत्ताला तरी विचारलं होतं, की बाबा रे, दुसऱ्याचं पुसून तुझं नाव लावू का?" मी रडत घरी गेलो. वडिलांना काही सांगितलं नाही. पण तुमचा तो प्रश्न माझ्यात राहिला. जवळजवळ चाळीस वर्षांनी, समुद्रापलीकडे, मी मुलीसाठी जे लिहिलं त्याच्या शेवटी तोच होता, शब्द तेवढे बदलले होते.

तर मी शाळेत गेलो. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसलो, गुडघे टेबलाला लागत होते. बाई तिशीच्या, उंच, केस मागे बांधलेल्या. त्यांनी कॉफी पुढे केली आणि माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "मेनेर, तुम्ही रागावला आहात का?" मेनेर म्हणजे साहेब, आणि इथले लोक असंच विचारतात. आपल्याकडे कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, छे हो, कुठे. पण मी म्हणालो, "हो." आणि मग अर्ध्या डचमध्ये, अर्ध्या इंग्रजीत मी सगळं ओतलं. म्हणालो, तुमच्याच डच राज्यातलं, तिकडे अमेरिकेजवळचं ते सिंट मार्टन बेट घ्या. खलाशाने ते म्हणे लांबून पाहिलं, पाय ठेवला नाही आणि त्या दिवशीच्या संताचं नाव टाकून पुढे गेला. आणि तुम्ही मुलांना बिस्किटं वाटायला सांगता! संतांची नावं ही मजा नव्हे. मी देवभोळा माणूस आहे, म्हणून मला याची जास्त लाज वाटते.

बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "पेपरनोटन मी सुचवले, हे खरं आहे. पण ती वाक्यं मी काढली नाहीत."

"मग?"

"पहिल्या सरावात होती. मला आवडली होती. दुसऱ्या सरावात नव्हती. मला वाटलं, तुम्हीच काढायला लावलीत. ती म्हणाली होती की बाबा रोज प्रार्थना करतात. मला वाटलं, संतांबद्दल वाईट बोललेलं तुम्हाला चालत नसेल." त्यांनी खांदे किंचित उडवले. "म्हणून मी विचारलं नाही."

माझी दहा मिनिटं अजून संपली नव्हती. उरलेल्या वेळात त्यांनी मला मुलीचे गणिताचे गुण सांगितले. चांगले होते.

घरी आलो तर ही मेथी निवडत होती आणि मुलगी ओट्याला टेकून दूध पीत होती. मी कोटही काढला नाही. विचारलं, "ती वाक्यं तू का काढलीस?"

तिने आईकडे पाहिलं. मग नेहमीसारखं इंग्रजीत, पण सावकाश, म्हणाली, "कारण ती तुझी होती. मी मोठ्याने वाचून बघितलं तर मला तुझाच आवाज ऐकू आला. रागावलेला."

"पण ते खरं आहे ना?"

"खरं आहे. पण बाबा, वर्गात सावळ्या लोकांचं काहीही आलं ना, की सगळे माझ्याकडे बघतात. आफ्रिकेचं आलं तरी माझ्याकडे. भूक म्हटलं तरी माझ्याकडे. आता कॅलिफोर्नियाचंही मीच?" तिचा आवाज चढला. "मी कॅलिफोर्नियाची नाहीये. मी स्खीडमची आहे." स्खीडम म्हणजे आम्ही राहतो ते रॉटरडॅमला चिकटलेलं गाव.

हिने मेथी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता मला काहीतरी खोचक ऐकावं लागणार. पण ती एवढंच म्हणाली, "कोट काढा आणि बसा." मी बसलो. इतके दिवस मी समजत होतो की शाळेने माझ्या मुलीच्या तोंडातून खरं काढून घेतलं. ते तिथे आधी कोंबलं होतं मीच. तिला विचारलं नव्हतं. ती पेन्सिल चावत गप्प बसली आणि मी तिच्या पानावर माझी पाटी ठोकली. मी तिला म्हणालो, तुला हवं तसं बोल. तिने मान डोलावली आणि दुधाचा पेला धुवायला लागली, पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ सोडून.

आणि त्या दिवसापासून, गुरुजी, मी तुमच्यावर रागावलो आहे. तुम्ही माझा कान धरलात. मी पाचवीत होतो. पाटी मी ठरवली नव्हती, मी लावली नव्हती; घरात ऐकलेलं नाव मी नकाशात लिहिलं होतं. ज्यांनी ठरवलं ते चावडीवर बसलेले होते, तुम्हाला रोज दिसत होते. त्यांच्यातल्या एकाला तरी तुम्ही विचारलंत का, की दत्ताला विचारलं होतं का? कलशारोहणाच्या दिवशी तुम्ही पहिल्या रांगेत होतात. माझ्या वडिलांनी तुम्हाला हार घातला, तुम्ही तो वाकून घेतलात. पंगतीत तुम्ही दुसऱ्यांदा बुंदी घेतलीत, मी वाढत होतो, मला आठवतं. ती म्हातारी आणि तिची माणसं देवळाच्या चौथऱ्याखाली पत्रावळी घेऊन बसली होती. तुमचं त्यांच्याकडे लक्ष गेलं होतं, कारण तुम्ही मान फिरवलीत. आज एस.टी.च्या पाटीवर दत्तनगर आहे, मतदारयादीत दत्तनगर आहे. मी दत्ताला रोज हात जोडतो, आणि दरवेळी त्याच्या पायाशी मला सोनीचं पाणी दिसतं, ते तुमच्यामुळे. एवढं ओझं एका पोराच्या पाठीवर ठेवताना तुम्हाला काही वाटलं नाही?

तुमची बदली समितीतल्या माणसांच्या एका शब्दावर होती, हे मला आता कळतं. तुमच्या घरी आजारी आई होती, हेही माहीत आहे. मोठ्यांपुढे बोलता आलं नाही ते तुम्ही माझ्यापुढे बोललात. आणि मी तरी वेगळं काय केलं? या देशात मी आलो तेव्हापासून कामाच्या ठिकाणी, दुकानात, नगरपालिकेच्या खिडकीवर कितीदा काही गिळलं आहे. ऑफिसात माझं आडनाव लांब पडतं म्हणून त्याचा शेंडा कापून मला हाक मारतात, आणि मी ओ देतो. कधी म्हणालो नाही की माझं नाव हे नाही. तो सगळा साठलेला राग मी स्पेनच्या नावाने एका मुलीच्या हातात दिला आणि म्हणालो, जा, वर्गासमोर बोल. तुमच्याकडून आलेला होता, पुढे दिला. सावकार नसलेल्या घरातसुद्धा वारसा असतो तो असा. हे लिहिताना मला तुमची दया येते आहे आणि राग कमी होत नाही. दोन्ही एकदम चालू शकतं हे मला माहीत नव्हतं.

तिचं बोलणं शुक्रवारी होतं. सकाळी ती पेपरनोटनची मोठी पिशवी सायकलच्या हँडलला लावून निघाली. मी देवापुढे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसलो, काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसताच बसलो. ऑफिसात दिवसभर पडद्यावर संत सरकत होते. संध्याकाळी घरी आलो, विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "खूत." म्हणजे चांगलं. बस, एवढंच. मी पुढे विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवूनच आलो होतो, आणि ते मला फार जड गेलं.

जेवताना, भाकरीचा तुकडा मोडत, ती आपण होऊन म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "बाबा, एका मुलाने विचारलं, मग त्याच्या आधी काय नाव होतं?"

माझा घास हातातच राहिला. "मग?"

"मी म्हटलं, मला नीट म्हणता येत नाही. बाई म्हणाल्या, फळ्यावर लिही. मी यांगा लिहिलं."

"आणि सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं?"

"नाही. फळ्याकडे." मग तिने आईकडे लोणचं मागितलं.

गुरुजी, त्या रात्री मला इतकं हलकं वाटलं की मी तुम्हालाही माफ करून टाकलं होतं. सकाळपर्यंत ते टिकलं नाही. सकाळी मनात आलं की माझी मुलगी मला ओळखते. त्या दिवशी ओट्यापाशी बसलेला कोटातला बाप तिने पाहिला आहे. माझ्याशी कधी मराठीत उत्तर न देणारी पोर तेवढंच मराठीत का बोलली? कुणी विचारलंच नसेल, कुणी फळ्यावर काही लिहिलंच नसेल, नुसती बिस्किटं वाटून झाली असतील, आणि जेवताना माझ्या ताटात तिने एवढं वाढलं असेल. असेल किंवा नसेल. हे पत्र तुम्हाला कुठे धाडायचं तर जागा नाही, म्हणून हेही लिहून टाकतो: काल दुकानात दुधाच्या फडताळापाशी बाई भेटल्या. हसून पुढे आल्या, म्हणाल्या, "मेनेर, तुमच्या मुलीच्या स्प्रेकब्यूर्टबद्दल," आणि मी घाईघाईने त्यांना विचारलं, यंदा कालवे गोठतील असं वाटतं का हो.